स्टिक खाली, स्टिक वर: हॉकी खेळणाऱ्या मुलीनं लॅक्रोस कसं जोडून घ्यावं

अकरा वर्षं हॉकी खेळून झाल्यावर मी पहिल्यांदा लॅक्रोसची, म्हणजे टोकाला जाळी असलेली, स्टिक हातात घेतली. जाळीत चेंडू ठेवला, चार पावलं धावले आणि चेंडू माझ्याच टाचेवर येऊन पडला. हॉकीत पायाला चेंडू लागला की फाउल, म्हणून सवयीनं मी पाय झटकन मागे ओढला, आता शिट्टी होणार म्हणून. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "पायाचं सोड. आधी मान वर कर."

पुढची नऊ वर्षं मी दोन्ही खेळ खेळले, दोन्हीकडे मिडफिल्डलाच. आता शिकवते. हॉकीच्या मुली येऊन विचारतात, "ताई, लॅक्रोसपण जमेल का? हॉकी बिघडणार नाही ना?" जमतं. हॉकी थोडी बिघडते, मग सुधारते, आणि एकदोन बाबतीत आधीपेक्षा बरी होते. कसं ते लिहिते आहे. तुला हॉकी येते असं धरूनच चालले आहे. लॅक्रोसकडून हॉकीकडे येणारीला यातलं निम्मंच उपयोगी पडेल.

उजवा हात फुकटात, डावा विकत

हॉकीत डावखुरी स्टिक नसतेच. डावा हात दांड्याच्या टोकाला, उजवा खाली. स्टिक फिरवायचं काम डाव्या मनगटाचं, उजव्या मुठीत ती नुसती फिरू द्यायची. आता हात न हलवता स्टिक उलटी कर, डोकं आकाशाकडे. डावा हात बुडाशी, उजवा जाळीच्या बाजूला. ही झाली लॅक्रोसची उजव्या हाताची पकड. म्हणूनच हॉकीवाली पहिल्याच आठवड्यात उजव्या बाजूनं बरं फेकते आणि तिला वाटतं, आलंच की आपल्याला.

मग ती अडकते. पहिली अडचण मनगटाची. धावताना चेंडू जाळीत बसून राहावा म्हणून स्टिकला जो झोका देतात तो क्रेडल, आणि तो द्यायचा वरच्या हातानं. बोटं आणि मनगट आत वळवायची, सोडायची, पुन्हा वळवायची. खालच्या हातानं दांड्याला फक्त आधार. हॉकीवाली मात्र बुडाशी असलेल्या डाव्या हातानं दांडा पिळते, कारण इतकी वर्षं रिव्हर्सला तोच हात वापरलेला. चेंडू जाळीत उड्या मारायला लागतो. यावर माझा उपाय साधा आहे: खालचा हात काढूनच टाक. जाळी कानाजवळ, एकट्या वरच्या हातानं चालत मैदानाला एक फेरी. दुसरी फेरी हळू धावत. त्यानंतर खालचा हात लाव, तोही अंगठा आणि दोन बोटांपुरताच. आठ-दहा दिवसांत डावं मनगट गप्प बसायला शिकतं.

दुसरी अडचण मोठी. पाच मिनिटांत समोरच्या बचावपटूला कळतं की ही उजवीकडूनच फेकते, आणि ती त्या बाजूला ठाण मांडते. आता हात बदलावे लागणार: उजवा बुडाशी, डावा जाळीजवळ. ही पकड हॉकीत तू आयुष्यात कधी केलेली नाहीस. इथे हॉकीचा काडीचाही उपयोग नाही, आणि हे आधीच मान्य केलेलं बरं, नाहीतर दोन महिने नुसती चिडचिड होते.

त्यासाठी भिंत. साडेतीन-चार मीटरवर उभी राहा, भिंतीवर डोक्याच्या वीतभर वर खडूनं चौकोन काढ आणि रोज पंधरा मिनिटं चेंडू फेक, झेल. उजव्या हातानं ५०, डाव्या हातानं १००. डाव्यानं आधी, थकायच्या आत. झेलताना जाळी चेंडूच्या अंगावर नेऊ नकोस. चेंडू आला की त्याच्याबरोबर थोडी मागे ने. हॉकीत वेगवान पास ट्रॅप करताना हात सैल सोडतेस ना, तेच, फक्त कानाच्या उंचीवर. फेकताना खालचा हात ओढतो, वरचा पुढे जातो. चेंडू पुन्हा पुन्हा जमिनीत जात असेल तर दोनच कारणं: एक तर जाळी फार खोल आहे, नाहीतर तो उशिरा सुटतो आहे.

चेंडूचा फरकही हाताला कळायला वेळ लागतो. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि टणक. लॅक्रोसचा रबरी, १४२ ते १४९ ग्रॅमचा, थोडा लहान, आणि टप्पा पडला की भलताच उसळतो. टप्पा पडलेल्या चेंडूच्या मागे हॉकीच्या सवयीनं स्टिक खाली नेशील तर तो खांद्यावरून निघून जाईल.

वाकणं ही तुझी कमाई

माझी लॅक्रोसची पहिली निवड झाली तेव्हा मला डाव्या हातानं दहा मीटरही फेकता येत नव्हतं. निवड झाली ती केवळ ग्राउंड बॉलमुळे. जमिनीवर सुटलेला चेंडू उचलायचा तर कंबर खाली जायला हवी, आणि हॉकीवालीची कंबर बारा महिने खालीच असते. इतर मुली वाकायच्या आत मी चेंडूपाशी पोचायचे.

पण पोचून एक चूक करायचे, जी आता प्रत्येक हॉकीवालीत बघते. चेंडू थांबवायचा, स्टिकनं जवळ ओढायचा, मग उचलायचा. तेवढ्या वेळात दोन स्टिका तुझ्या स्टिकवर आलेल्या असतात. लॅक्रोसमध्ये चेंडूपाशी थांबायचं नाही, चेंडूच्या पलीकडे धावून जायचं. पाऊल चेंडूच्या बाजूला, मागचा हात इतका खाली की दांडा जवळजवळ जमिनीला समांतर, जाळीची कड चेंडूखाली सरकव आणि त्याच वेगात स्टिक थेट चेहऱ्याजवळ आण. दोन पावलं गेली की मान वळवून पास शोध. आणि चेंडूवर जाळी उपडी ठेवून तो झाकू नकोस. घाईत प्रत्येकीला तसं करावंसं वाटतं. तो फाउल आहे.

सराव असा: वीस मीटरवर चेंडू घरंगळत सोड, मागून धाव, उचल, न थांबता आणखी दहा पावलं. दहा चेंडू उजव्यानं, दहा डाव्यानं.

नियम, जे अंगावर येतात

नियमांचं पुस्तक वाचायलाच हवं. पण हॉकीवालीला चावतात ते चार-पाचच.

पहिल्या मोठ्या सामन्यात आमच्या मुलीचा शॉट गोलच्या बाहेरून गेला. हॉकीत आक्रमकांचा चेंडू मागच्या रेषेबाहेर गेला की तो बचाव करणाऱ्यांचा, पुन्हा सुरुवात १५ मीटरवरून. मी शहाण्यासारखी पाठ फिरवली आणि मिडफिल्डकडे धावत सुटले. मागून आमच्याच बाकावरून आरडाओरडा. लॅक्रोसमध्ये शॉट बाहेर गेला तर चेंडू रेषा ओलांडतो त्या क्षणी त्याच्या सर्वांत जवळ जी असेल तिच्या संघाला तो मिळतो. मी चेंडूपासून चार पावलांवर होते. मी वळले नसते तर चेंडू आमचाच राहिला असता. समोरची मुलगी माझ्यामागून धावत गेली आणि घेऊन गेली. तेव्हापासून मी शिकवताना हा नियम पहिल्या दिवशी सांगते: शॉट कुणीही मारो, तू रेषेकडे पळ.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट. लॅक्रोसमध्ये गोलच्या मागेही मैदान असतं. गोल १.८३ मीटर रुंद, तेवढाच उंच, त्याभोवती २.६ मीटर त्रिज्येचं वर्तुळ, आणि त्याच्या मागे भरपूर जागा, जिथून खेळ चालवता येतो. हॉकीत गोल म्हणजे मैदानाचा शेवट. इथे तो मैदानाच्या आतला खांब समज. सुरुवातीला बचाव करताना चेंडू मागे गेला की हॉकीवाली चेंडूकडे बघत बसते आणि तिची माणूस, म्हणजे जिला तिनं धरायचं ती, तिच्या पाठीमागून कट मारून, अचानक मोकळ्या जागेत धावून, समोर येते. एक डोळा चेंडूवर, एक हात आपल्या माणसाच्या दिशेनं. मान सतत फिरली पाहिजे.

तिसरी मला सर्वांत जड गेली. हॉकीत पेनल्टी कॉर्नरला मी पहिली धावणारी होते. मास्क लावायचा, चेंडू ढकलला गेला की थेट शॉटच्या वाटेत सुटायचं. ते धाडस समजलं जातं आणि त्याच्यासाठी पाठ थोपटली जाते. लॅक्रोसमध्ये तसंच सुटले आणि पंचांनी शिट्टी मारून मलाच बाजूला केलं. आपल्या माणसापाशी नसताना शॉट आणि गोल यांच्या मधल्या जागेत शिरणं हा तिथे धोक्याचा फाउल आहे, आणि बदल्यात आक्रमकाला गोलसमोर आखलेल्या आठ मीटरच्या चापावरून मोकळी संधी मिळते. त्याच चापाच्या आत, कुणालाही स्टिकभर अंतरात न धरता तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहणंही चालत नाही. थोडक्यात, हॉकीत डी सांभाळायची. इथे माणूस धरायचा.

टॅकल. हॉकीत तू खालून जॅब मारतेस. इथे समोरचीच्या डोक्याभोवती साधारण १८ सेंटिमीटरचं अदृश्य कवच आहे आणि त्यात तुझी स्टिक जाऊच नये. मारायचं ते तिच्या स्टिकवर, छोटं, आवरतं, तिच्या अंगापासून बाहेरच्या दिशेला. नवख्या मुलीनं मारूच नये असं मी म्हणते. पहिले दोन महिने फक्त पावलं: कंबर खाली, पावलं छोटी, तिला कडेला ढकलत न्यायचं, हात न लावता. हॉकीत चॅनेलिंग नीट शिकलेली मुलगी इथे पहिल्या दिवसापासून चांगली बचावपटू असते.

फ्री हिटला हॉकीत पाच मीटर, इथे चार मीटर. हॉकीत २००९ पासून सेल्फ पास आहे, त्यामुळे शिट्टीनंतर स्वतःच लगेच निघायची सवय तुला आहेच. लॅक्रोसमध्येही सेल्फ स्टार्ट आलेला आहे. पायाला चेंडू लागल्यावर मात्र जागीच थिजू नकोस, इथे नुसता लागला म्हणून शिट्टी होत नाही. ती सवय जायला माझे सहा महिने गेले.

ड्रॉबद्दल, म्हणजे लॅक्रोसमध्ये खेळ सुरू करायच्या पद्धतीबद्दल, वेगळं लिहायला हवं, पण तो कागदावर शिकता येत नाही. मध्यवर्ती वर्तुळात दोघींच्या स्टिका पाठीला पाठ लावून आडव्या, मध्ये चेंडू, शिट्टीला तो डोक्यांच्या वर उडाला पाहिजे. सगळं मनगटात आणि पहिल्या पावलात आहे. पकड घट्ट असेल तर हरशील.

परत हॉकीकडे

लॅक्रोसचा हंगाम संपवून हॉकीच्या टर्फवर परत येशील तेव्हा पहिला आठवडा लाज वाटेल. उभी राहून खेळशील. ट्रॅप दोन्ही पायांमधून जाईल. पाठ धरेल. म्हणून त्या आठवड्यात मी हिट मारूच देत नाही: फक्त पुश, ट्रॅप, इंडियन ड्रिबल, आणि सगळं गुडघे वाकवून. दुसऱ्या आठवड्यात स्लॅप आणि हिट. तिसऱ्यात सामना.

आणि हाती काय लागतं? उंच येणारा चेंडू घाबरवत नाही, ही सर्वांत मोठी गोष्ट. एरियल पास खाली घेताना बाकीच्या मुली दोन पावलं मागे सरकतात, लॅक्रोसवाली त्याच्याखाली जाऊन उभी राहते. मान वर राहते. आणि चेंडू नसताना धावायची सवय लागते. लॅक्रोसमध्ये कट न मारणाऱ्या मुलीला कुणी पास देतच नाही. माझ्या बेसलाइनच्या चाली तर लॅक्रोसमुळेच आल्या. गोलच्या मागून खेळ बघायची सवय झाल्यावर, रेषेवरून आत शिरून मागे कुणाला चेंडू द्यायचा हे वेगळं दिसायला लागलं.

सामान

पहिली स्टिक उसनी घे. सहा आठवड्यांत आवड टिकली तर विकत. महिलांची स्टिक साधारण ९० ते ११० सेंटिमीटर. हॉकीवाल्या मुली लांब निवडतात कारण हाताला तेच ओळखीचं, आणि मग क्रेडल करताना बूड कमरेला आपटतं. जाळीची तपासणी स्वतः करायला शीक: चेंडू जाळीत ठेव, स्टिक डोळ्यांच्या रेषेत आडवी धर, जाळीच्या चौकटीच्या बाजूच्या वरच्या कडेच्या वर चेंडूचा माथा दिसला पाहिजे. दिसला नाही तर पॉकेट, म्हणजे जाळीचा झोळ, फार खोल, पंच स्टिक बाहेर काढतील. चामड्याच्या पट्ट्यांची जाळी पावसात भिजली की सैल पडते. सकाळी बरोबर असलेली स्टिक दुपारी नियमाबाहेर गेल्याचं मी स्वतः भोगलं आहे, तेही बरोबरीत चाललेल्या सामन्यात. आता पावसात मध्यंतराला प्रत्येकीची तपासते.

माउथगार्ड दोन्हीकडे तोच. शिनगार्ड लॅक्रोसमध्ये घालत नाहीत, पहिले काही दिवस पाय उघडे पडल्यासारखे वाटतात. डोळ्यांचं संरक्षण करणारा चश्मा स्पर्धेच्या नियमात असो वा नसो, घाल. टर्फचे बूट गवतावर घसरतात, तेव्हा स्टडचा जोड वेगळा लागेल.

वेळापत्रक, आणि मी केलेला मूर्खपणा

एका वर्षी हॉकीची अंतिम फेरी आणि लॅक्रोसची निवड चाचणी एकाच आठवड्यात आली. दोन्हीकडच्या प्रशिक्षकांना मी सांगितलंच नाही. वाटलं, सांगितलं तर दोघंही म्हणतील, एक निवड. मंगळवारी चाचणी, बुधवारी सराव, गुरुवारी पुन्हा चाचणी, आणि शनिवारी अंतिम सामन्याच्या दुसऱ्या क्वार्टरला मांडीच्या मागे फटका बसल्यासारखं झालं. वळून बघितलं, कुणी मारलं म्हणून. मागे कुणी नव्हतं. हॅमस्ट्रिंग फाटला होता. सात आठवडे घरी, आणि लॅक्रोसच्या यादीत नाव असूनही जागा दुसरीला गेली.

म्हणून वर्षाच्या सुरुवातीला एका कागदावर दोन्ही खेळांच्या तारखा लिही आणि तोच कागद दोन्ही प्रशिक्षकांना दे. आदळणाऱ्या तारखांवर आधीच ठरव, कुठला खेळ पहिला. दर वर्षी एक खेळ मुख्य असलाच पाहिजे, दोन्हींना निम्मं निम्मं वाटत बसलीस तर दोन्ही संघांत राखीव राहशील. दोन हंगामांच्या मध्ये पूर्ण दोन आठवडे स्टिकला हात लावायचा नाही. पोहणं, चालणं चालेल.

दोन्ही खेळांत अचानक थांबणं आणि वळणं आहे, आणि अशा खेळांत गुडघ्याचा एसीएल लिगामेंट फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. वॉर्मअपमध्ये उडी मारून दोन्ही गुडघे पावलांच्या रेषेत ठेवून उतरणं, एका पायावर उतरून तीन सेकंद थांबणं, हॅमस्ट्रिंगचे व्यायाम, आठवड्यातून किमान दोनदा. कंटाळवाणं आहे, माहीत आहे. दोन खेळ म्हणजे खाणंही जास्त लागतं. पाळी तीन महिने आली नाही तर "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून सोडून देऊ नकोस. शरीराला पुरेसं खाणं पोचत नसल्याची ती खूण असू शकते, पुढे हाडांवर बेततं. डॉक्टरकडे जा.

करिअर म्हणून बघायचं तर

दोन्ही खेळ खेळणं ही नवी टूम नाही. महिलांचं लॅक्रोस १८९० साली स्कॉटलंडमधल्या सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेत सुरू झालं. मूळ खेळ उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचा, हौडेनोशौनी लोकांत तो आजही पवित्र मानतात. अमेरिकेत हॉकी शरद ऋतूत आणि लॅक्रोस वसंतात, त्यामुळे एकाच मुलीनं दोन्ही खेळणं सोपं झालं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकणाऱ्या अमेरिकी महिला हॉकी संघाच्या प्रशिक्षक व्हॉनी ग्रॉस यांची लॅक्रोसमध्येही कारकीर्द होती. टीना स्लोन ग्रीन हॉकी खेळल्या, लॅक्रोसच्या अमेरिकी राष्ट्रीय संघातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या आणि पुढे टेंपल विद्यापीठाला त्यांनी १९८४ आणि १९८८ मध्ये एनसीएएचं, म्हणजे अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धेचं, विजेतेपद मिळवून दिलं.

सध्या माझं लक्ष सिक्सेसकडे, म्हणजे लॅक्रोसच्या सहा-सहा जणींच्या छोट्या रूपाकडे, आहे. महिला हॉकी १९८० पासून ऑलिंपिकमध्ये आहे, महिलांचं लॅक्रोस पहिल्यांदा २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला येतंय, आणि ते याच छोट्या रूपात. एका बाजूला सहा जणी, ७० बाय ३६ मीटरचं मैदान, आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर, ३० सेकंदांचं शॉट क्लॉक. गोल झाल्यावर ड्रॉ नाही, गोलरक्षकच चेंडू घेऊन खेळ सुरू करते. म्हणजे फक्त आक्रमण किंवा फक्त बचाव करणारीला इथे जागाच नाही. सगळ्यांनी दोन्हीकडे धावायचं. हॉकीतल्या मिडफिल्डरसाठी हे अंगच्या मापाचं आहे.

निवडीसाठी व्हिडिओ पाठवणार असशील तर तीन-चार मिनिटांचा. खेळ सुरू व्हायच्या आधी आपल्याभोवती वर्तुळ काढून दाखव, नाहीतर बघणारा दुसरीलाच बघतो. गोल दोन-तीन पुरेत. ग्राउंड बॉल दाखव, डाव्या हाताचा एक तरी पास दाखव, आणि चेंडू गमावल्यानंतर तू काय केलंस ते मुद्दाम दाखव. मी स्वतः निवडीला बसते तेव्हा तेवढंच रिवाइंड करून बघते.

आणि पंचगिरीचं बघ. खेळत असतानाच एक परीक्षा देऊन टाक, खेळायचं थांबल्यावर मैदानावर राहायचा तो सर्वांत सरळ रस्ता आहे. मी हॉकीची आधी दिली, लॅक्रोसची तीन वर्षांनी. लॅक्रोसच्या पहिल्या सामन्यात एका मुलीच्या पायाला चेंडू लागला आणि माझी शिट्टी ओठांपर्यंत गेली होती.